लघुग्रहामागे लपणारा तारा: लॅपटॉपच्या घड्याळावर किती विसंबायचं?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. ऑकल्टवॉचरमध्ये (पिधानांची, म्हणजे लघुग्रह ताऱ्याला क्षणभर झाकतो त्याची, भाकितं दाखवणारा प्रोग्रॅम) आमच्या भागावरून जाणारी अशी एक सावली दिसते आहे. तारा ११.४ प्रतीचा, लघुग्रह १४.३ प्रतीचा (प्रतीचा आकडा मोठा तेवढा प्रकाश मंद). सावलीची रुंदी ४२ किमी, पिधान जास्तीत जास्त ३ सेकंदांचं, मार्गाची अनिश्चितता १ सिग्माला ६ किमी (म्हणजे तीनात साधारण दोनदा चूक याच्या आत). वेळ रात्री दोनच्या आसपास, तारा साठ अंशांच्या वर.

सामान असं: ८ इंची श्मिट-कॅसेग्रेन, ०.५ चा फोकल रेड्यूसर, आयएमएक्स २९० सेन्सरचा मोनो कॅमेरा, विषुववृत्तीय माउंट, विंडोज लॅपटॉप आणि यूएसबीला लागणारा जीपीएस माऊस.

तीन प्रश्न आहेत. एक्स्पोजर किती ठेवावं? जीपीएस माऊसने लॅपटॉपचं घड्याळ लावलं की वेळेचं काम झालं का? (शार्पकॅप, म्हणजे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर, प्रत्येक फ्रेमवर मिलीसेकंदांपर्यंत वेळ देतं, म्हणून विचारतोय.) आणि माझी गच्ची सावलीच्या मध्यरेषेच्या दक्षिणेला १७ किमीवर आहे. दुर्बीण उचलून मध्यरेषेवर जावं की इथेच बसावं?

व्याध:
दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

शार्पकॅप मिलीसेकंद छापतं म्हणजे ते मिलीसेकंद खरे असतात असं नाही. ती वेळ फ्रेम लॅपटॉपपर्यंत पोचल्याची. एक्स्पोजर संपलं, सेन्सर वाचला गेला, डेटा केबलमधून आला, ड्रायव्हरने तो प्रोग्रॅमच्या हाती दिला, मग शिक्का बसला. या उशिराला लॅग म्हणतात. एक्स्पोजर, चौकटीचा आकार आणि यूएसबीच्या वेगाची सेटिंग बदलली की तोही बदलतो.

जीपीएस माऊसची भानगड वेगळी. त्यातून वेळेचं जे वाक्य (एनएमईए) येतं ते सेकंद उलटून गेल्यावर निघतं. कधी शंभर मिलीसेकंदांनी, कधी त्याच्या कितीतरी पट उशिरा, आणि हा उशीर दर सेकंदाला थोडा हलतो. अक्षांश-रेखांशासाठी माऊस उत्तम, वेळेसाठी नाही. वेळ हवी तर पीपीएस हवा, म्हणजे सेकंदाच्या ठोक्याला येणारा विजेचा पल्स. तो यूएसबी माऊसमधून सहसा बाहेरच काढलेला नसतो.

तुमच्या सावलीचा वेग ४२ भागिले ३, म्हणजे सेकंदाला १४ किमी. वेळेत ०.१ सेकंदाची चूक झाली की लघुग्रहाची कड १.४ किमी सरकली.

आहे त्या कॅमेऱ्यात भागवायचं तर एलईडीची पद्धत वापरा. यू-ब्लॉक्स निओ-६एम किंवा एम८एन चं सुटं मॉड्यूल घ्या. निओ-६एमच्या स्वस्त पाटीवर चारच पिना असतात (व्हीसीसी, आरएक्स, टीएक्स, ग्राउंड), पीपीएस बाहेर दिलेला नसतो. पण पाटीवरचा छोटा एलईडी त्याच पल्सवर लुकलुकतो, तिथून बारीक तार डाखून घ्या. ट्रान्झिस्टरमार्फत एक एलईडी चालवा आणि तो नळीच्या तोंडाशी आतल्या बाजूला तोंड करून, कागदाच्या दोन-तीन घड्यांआड बसवा. चौकटभर मंद उजेड पसरला पाहिजे. झगझगाट नको.

हिशोब असा. समजा एक्स्पोजर ४० मिलीसेकंद आहे. पल्स सुरू झाल्यावरच्या पहिल्या फ्रेममध्ये पार्श्वभूमी पूर्ण उजळलेल्या फ्रेमच्या ३० टक्के दिसली. म्हणजे त्या एक्स्पोजरच्या शेवटच्या १२ मिलीसेकंदांत एलईडी लागलेला होता, आणि ते एक्स्पोजर सेकंदाच्या ठोक्यानंतर १२ मिलीसेकंदांनी संपलं. शिक्का ०.०४७ चा असेल तर तो ३५ मिलीसेकंद उशिराचा. मिनिटभर रेकॉर्ड करून साठ ठोक्यांवर हे मोजा. सरासरी ही तुमची दुरुस्ती आणि विखुरणी ही तुमची त्रुटी.

यात एक मेख आहे. आयएमएक्स २९० रोलिंग शटरचा आहे, म्हणजे त्याच्या ओळी एकामागून एक वाचल्या जातात. ठोक्याच्या त्या पहिल्या फ्रेमकडे नीट पाहा: वरच्या ओळी काळपट आणि खाली येत जाल तसा उजेड वाढलेला दिसेल, कारण खालच्या ओळींचं एक्स्पोजर उशिरा संपतं. म्हणून सरासरी अख्ख्या फ्रेमची न काढता, तुमचा तारा ज्या ओळींत असेल त्याच पट्ट्याची काढा.

एलईडीची चाचणी पिधानाच्या आधी आणि नंतर घ्या, नेमक्या त्याच सेटिंगवर. मधल्या वेळात एलईडी बंद, नाहीतर तारा त्या उजेडात बुडेल. या मॉड्यूलचा पल्स मुळात १०० मिलीसेकंदांचा असतो. एक्स्पोजर त्याच्या जवळपास नेणार असाल तर पूर्ण उजळलेली फ्रेम मिळणारच नाही. तेव्हा यू-सेंटर प्रोग्रॅममधून पल्स ५०० मिलीसेकंदांचा करून घ्या.

पूर्वाषाढा:
एक्स्पोजरबद्दल.

आधी घट किती आहे ते बघा. तारा आणि लघुग्रह दोन्ही मिळून ११.३३ प्रत होते. तारा झाकला की उरतो १४.३ चा लघुग्रह. म्हणजे जवळजवळ ३ प्रतींची घट, पडद्यावरून तारा चक्क पुसला जाईल. हेच दोघं सारख्या प्रतीचे असते तर घट फक्त ०.७५ ची झाली असती. तिथे हवेतल्या लुकलुकण्यातून खरी घट ओळखायला जास्त चांगला सिग्नल लागतो. तेव्हा यादीतून निवडताना ताऱ्याची प्रत आणि घट दोन्ही रकाने बघत जा.

८ इंची आरशाला ११.४ चा तारा ४० मिलीसेकंदांत पुरेसा मिळतो. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे एका फ्रेममध्ये सावली ५६० मीटर सरकते. एक्स्पोजर १० वर नेऊन फार काही हाती लागणार नाही. मुख्य पट्ट्यातल्या लघुग्रहाच्या सावलीची कड विवर्तनामुळे मुळातच दोन-तीनशे मीटर पुसट असते. उलट चित्र छान दिसावं म्हणून २०० मिलीसेकंद ठेवाल तर कड जवळजवळ तीन किमीत पसरेल. पडद्यावर तारा जरा कळकट, दाणेदार दिसला तरी तो प्रत्येक फ्रेममध्ये ओळखू येत असेल तर बस्स.

सेटिंग: २×२ बिनिंग (चार पिक्सेल मिळून एक), १६ बिट, गॅमा तटस्थ, सगळे ऑटो बंद. ब्लॅक लेव्हल इतकी वर ठेवा की हिस्टोग्रामचा पायथा डाव्या भिंतीला चिकटणार नाही. चिकटला तर पार्श्वभूमीचा अर्धा गोंगाट शून्यावर कापला जातो आणि मापनात ताऱ्याची पातळी चुकते. गेन वाढवा, पण सर्वांत ठळक फ्रेममध्येही तारा संपृक्त होता कामा नये.

१००० मिमी फोकल लांबीला या सेन्सरवर सुमारे १९×११ कलांचं (६० कला म्हणजे एक अंश) क्षेत्र मिळतं. चौकट फार कापू नका, शेजारचा एखादा तुलनेचा तारा आत राहिलाच पाहिजे. विरळ ढग आला की दोघेही मंदावतात, पिधानात फक्त एकच. तो शेजारी नसेल तर 'ढग होता की लघुग्रह' यावर नंतर कितीही वाद घाला.

९६८×५४८ ची चौकट, १६ बिट, २५ फ्रेम म्हणजे सेकंदाला सुमारे २६ एमबी. चार मिनिटांचे साडेसहा जीबी. एसएसडीवरच लिहा. ड्रॉप्ड फ्रेम्सचा आकडा शून्यावर राहतोय ना, हे संध्याकाळी पाच मिनिटांचं खोटं रेकॉर्डिंग करून पाहा. विंडोज अपडेट, अँटिव्हायरस, स्लीप हे सगळं बंद. आणि लांबलचक यूएसबी केबलचा मोह नको. फ्रेम गळण्याचं ते नेहमीचं कारण आहे.

फोकस अगदी सुईच्या टोकावर न आणता तारा तीन-चार पिक्सेलांत पसरू द्या, नाहीतर हॉट पिक्सेल आणि तारा यांत घोळ होतो.

दमट_कोकण:
इतका व्याप कशाला? वॉटेक ९१०एचएक्स हा व्हिडिओ कॅमेरा आणि व्हिडिओ टाइम इन्सर्टर घ्या. प्रत्येक फील्डवर (व्हिडिओच्या अर्ध्या फ्रेमवर) जीपीएसची वेळ छापून येते, विषय संपला.

व्याध:
विषय संपत नाही हो. टाइम इन्सर्टर वेळ छापतो ती फील्ड कॅमेऱ्यातून बाहेर पडल्याची. वॉटेकमध्ये इंटिग्रेशन (अनेक फील्डचा प्रकाश एकत्र साठवणं) लावलं की प्रतिमा आतल्या आत थांबते आणि उशिरा निघते. इंटिग्रेशन जेवढं मोठं तेवढा उशीर मोठा. गेरहार्ड डांगल या पिधान निरीक्षकांनी हे उशीर मोजून कोष्टकं केली आहेत, ती लावावीच लागतात. शिवाय ८ बिट आणि कॅप्चर डोंगलची कटकट. पद्धत भरवशाची आहे यात वाद नाही, पण आज नव्याने पैसे घालायचे तर क्यूएचवाय १७४ जीपीएस घ्यावा. ग्लोबल शटर, म्हणजे सगळ्या ओळी एकदम, त्यामुळे ओळींचा प्रश्न नाही, आणि जीपीएस कॅमेऱ्यातच असल्याने एक्स्पोजर कधी सुरू झालं, कधी संपलं ते कॅमेराच नोंदवतो. महाग आहे, हे मान्य. कृष्णाकाठ यांनी पहिल्या पिधानासाठी एलईडीवरच भागवावं असं माझं मत.

सह्यकडा:
जागेबद्दल बोलतो.

सावली वर्तुळाकार धरू. मध्यरेषेपासून १७ किमीवर तुमची जीवा (सावलीचा जो छेद तुमच्या जागेवरून जातो तो) २४.७ किमीची, म्हणजे १.७६ सेकंदांचं पिधान. मार्ग तुमच्यापासून चार किमीपेक्षा जास्त उत्तरेला सरकला तर तुम्हाला काहीच दिसणार नाही. ६ किमीच्या सिग्माला पिधान मिळण्याची शक्यता साधारण चारात तीन. मध्यरेषेवर गेलात तर ते जवळपास नक्की.

पण मोजमाप म्हणून काय जास्त मोलाचं? मध्यापासून ३ किमी सरकलात तर जीवा ४२ ची ४१.६ होते. फरक ०.०३ सेकंदांचा, तुमच्या एका फ्रेमहूनही कमी. १७ वरून १८ किमीवर गेलात तर ती २४.७ ची २१.६ होते, ०.२२ सेकंदांचा फरक, पाच-सहा फ्रेम. आकार आणि स्थान पकडायला कडेचे निरीक्षक लागतात, आणि तिथे जायला कोणी तयार नसतं. सगळ्यांना मध्यच हवा.

एकाच जीवेत आणखी एक गोची आहे. १.७६ सेकंद मिळाले तर तुम्ही केंद्राच्या दक्षिणेला होता की उत्तरेला, हे त्या एका आकड्यावरून ठरत नाही. एकाच जीवेवर दोन वर्तुळं बसतात, एक इकडचं, एक तिकडचं. म्हणून दुसरं निरीक्षण केंद्र हवं. कोणी मित्र असेल तर त्याला मध्यरेषेच्या उत्तरेला आठ-दहा किमीवर बसवा आणि तुम्ही गच्चीवरच राहा. अंतर सावलीच्या मार्गाला काटकोनात मोजायचं. रस्त्याचे किलोमीटर इथे उपयोगाचे नाहीत. सावली ज्या दिशेने जाते त्याच दिशेला दोघे चाळीस किमी दूर बसलात तर दोघांना एकच जीवा मिळेल. ढगांपासून बचाव, एवढाच त्याचा फायदा.

आणि तारा झाकला गेलाच नाही तर रेकॉर्डिंग पुसू नका. 'इथे पिधान झालं नाही' हीसुद्धा नोंद आहे, लघुग्रहाची कड तुमच्यापर्यंत पोचत नाही हे त्यावरून कळतं. फक्त त्या वेळी योग्य तारा चौकटीत होता हे रेकॉर्डिंगमधून सिद्ध व्हायला हवं.

कृष्णाकाठ:
मनापासून आभार. मित्र तयार आहे. त्याच्याकडे ६ इंची न्यूटोनियन आणि तसलाच कॅमेरा आहे, पण माउंट साधा, मोटर नसलेला. तो मोबाइल हॉटस्पॉटवर एनटीपीने (इंटरनेटवरून घड्याळ जुळवण्याची पद्धत) वेळ लावू म्हणतोय. चालेल?

पूर्वाषाढा:
मोटर नसली तरी चालतं. दुर्बीण आधीच त्या जागी रोखून ठेवायची जिथे पिधानाच्या वेळी तारा येणार आहे, आणि मग हात लावायचा नाही. त्यासाठी त्याच क्रांतीचा (डेक्लिनेशनचा) पण विषुवांश कमी असलेला एखादा ठळक तारा शोधा. दोघांच्या विषुवांशात २० मिनिटांचा फरक असेल तर तो तारा तुमच्या जागेवर पिधानाच्या साधारण २० मिनिटं आधी येईल. त्या क्षणी त्याला चौकटीच्या मध्यावर घ्या आणि सगळे स्क्रू आवळा. विषुववृत्ताजवळ आकाश दर चार मिनिटांना एक अंश सरकतं. म्हणजे २० कलांच्या चौकटीतून तारा ८० सेकंदांत पार होतो. नेम अर्ध्या चौकटीने चुकला की सगळं मुसळ केरात. रेड्यूसर लावून क्षेत्र जेवढं रुंद करता येईल तेवढं करा. रोलिंग शटरमुळे कॅमेरा असा फिरवा की तारा ओळीला समांतर सरकेल. मग लॅगची दुरुस्ती रेकॉर्डिंगभर तीच राहते.

व्याध:
हॉटस्पॉटवरचं एनटीपी म्हणजे दुधाची तहान ताकावर. एनटीपी असं धरून चालतं की निरोप जायला आणि यायला सारखाच वेळ लागतो. मोबाइलच्या जाळ्यात तसं नसतं, त्यामुळे दहा-वीस, पन्नास मिलीसेकंदांची चूक राहते आणि स्क्रीनवर तिचा मागमूस नसतो. घरच्या फायबरवर, विंडोजची स्वतःची वेळजुळणी बंद करून माइनबर्गचं एनटीपी सॉफ्टवेअर चार-पाच तास चालू ठेवलं तर काही मिलीसेकंदांपर्यंत येतं. माळरानावर एलईडीच बरा. एनटीपीचं काम मग फक्त सेकंदाचा आकडा बरोबर ठेवण्याचं. एलईडी सेकंदाचा ठोका सांगतो, पण कितवा सेकंद ते सांगत नाही.

जीपीएस मॉड्यूल पिधानाच्या निदान वीस मिनिटं आधी उघड्या आकाशाखाली चालू करा. जीपीएसची वेळ सध्या यूटीसीच्या (जागतिक प्रमाणवेळेच्या) १८ सेकंद पुढे आहे (१ जानेवारी २०१७ पासून). ही दुरुस्ती उपग्रहांच्या ज्या संदेशातून येते तो पूर्ण यायला साडेबारा मिनिटं लागतात. तोवर मॉड्यूल आपल्या स्मरणातला जुना आकडा वापरू शकतं आणि वेळ पूर्ण एक-दोन सेकंदांनी चुकते. तशी ती अगदी स्थिर दिसत असते, हाच धोका.

नोंद यूटीसीत करा. आपल्याकडे १५ तारखेचे पहाटेचे २ वाजून १० मिनिटं म्हणजे यूटीसीत १४ तारखेचे २०:४०. तारखेचा हा घोळ अहवालांत हमखास सापडतो.

सह्यकडा:
रात्रीच्या वेळापत्रकाबद्दल थोडं. तास-दीड तास आधी तारा चौकटीत हवा. ॲस्टॅप प्रोग्रॅमने प्लेट सॉल्व्ह करा (फोटोतल्या ताऱ्यांवरून दुर्बीण कुठे रोखली आहे ते काढा), पण तेवढ्यावर न थांबता नकाशा शेजारी ठेवून ताऱ्यांची आकृती डोळ्यांनी जुळवा. श्मिट-कॅसेग्रेनला डायगोनल (काटकोनात वळवणारा आरसा) लावला तर प्रतिमा आरशातल्यासारखी उलटते, नकाशाही तसाच उलटवून घ्या. थंडीत रात्री दोनला पुढच्या काचेवर दव हमखास येतं. नळीच्या व्यासाच्या दीडपट लांबीची फोमची कॉलर आणि हीटरची पट्टी लावा. तारा हळूहळू मंद होत चालला तर गेन वाढवण्याआधी काच बघा.

रेकॉर्डिंग भाकीत वेळेच्या दोन मिनिटं आधी सुरू करून दोन मिनिटं नंतर थांबवा, तीन सेकंदांचं पिधान असलं तरी. १० मार्च १९७७ ला युरेनसने तारा झाकण्याच्या बऱ्याच आधी त्या ताऱ्याचा प्रकाश थोड्या थोड्या वेळाने क्षणभर कमी होत होता. युरेनसची कडी सापडली ती त्यातूनच. आपल्याकडे तमिळनाडूतल्या कावलूरच्या १०२ सेंमी दुर्बिणीवरही अशी घट नोंदली गेली होती. रेकॉर्डर मुख्य पिधानाआधीपासून चालू होते म्हणून हे जमलं. लघुग्रहांनाही चंद्र असतात, आणि ते मूळ सावलीच्या थोडे आधी किंवा नंतर, कधी बाजूला पडतात. मोटर नसलेल्या मित्राला मात्र चौकट जेवढी मुभा देईल तेवढंच.

अक्षांश-रेखांश विकलाच्या दहाव्या भागापर्यंत लिहा, म्हणजे तीन मीटरच्या आत. उंची लिहिताना ती समुद्रसपाटीपासूनची की जीपीएसच्या विवृत्तजावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची), हे स्पष्ट करा. महाराष्ट्रात या दोन्हींत पन्नास मीटरहून जास्त फरक पडतो.

कृष्णाकाठ:
आणि नंतरचं विश्लेषण? शिवाय ऑकल्टवॉचरमध्ये या ताऱ्यापुढे आरयूडब्ल्यूई १.९ असं दिसतंय, त्याचा अर्थ काय?

पूर्वाषाढा:
फाइल एसईआर किंवा एडीव्ही ठेवा. कॉम्प्रेस केलेला व्हिडिओ मापनाला निरुपयोगी. पायमूव्ही किंवा टँग्रा या प्रकाश मोजणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा, आपला तारा, तुलनेचा तारा आणि रिकाम्या आकाशाचा एक तुकडा अशी तीन वर्तुळं लावा. झाकल्या जाणाऱ्या ताऱ्याचं वर्तुळ स्वतःच्या प्रकाशावर न सोडता तुलनेच्या ताऱ्याला बांधून ठेवा, नाहीतर तारा गायब झाला की ते गोंगाटामागे भरकटतं. येणारी सीएसव्ही (आकड्यांची फाइल) पायोट या प्रोग्रॅममध्ये टाकली की लोप आणि पुनर्दर्शनाच्या वेळा त्रुटीसकट मिळतात. लॅग तिथे एकदाच वजा करा. आयोटाच्या (आंतरराष्ट्रीय पिधान वेध संघटनेच्या) अर्जात लिहिताना दुरुस्ती केलेली आहे की नाही ते नमूद करा, म्हणजे तपासणारा ती परत वजा करणार नाही.

आरयूडब्ल्यूई हा गायाच्या (ताऱ्यांच्या जागा मोजलेल्या अवकाशयानाच्या) मापनातला आकडा. चांगल्या एकट्या ताऱ्याला तो १ च्या आसपास असतो. १.४ च्या वर गेला की ताऱ्याची जागा गायाच्या गणितात नीट बसलेली नाही असं समजायचं, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे तो जोडतारा असणं. तुमच्या बाबतीत याचे दोन अर्थ. ६ किमीची अनिश्चितता कागदावरची समजा, मार्ग त्याहून जास्त सरकू शकतो, म्हणजे दोन केंद्रं हवीतच. दुसरं, प्रकाश एका झटक्यात न पडता दोन पायऱ्यांत पडू शकतो. दोन खगोलीय एककांवर एक मिलीविकला म्हणजे सुमारे दीड किमी, तुमच्या वेगाला ०.१ सेकंद, अडीच फ्रेम. म्हणून एक्स्पोजर ४० च्या वर नेऊ नका. पायरी दिसली तर ती गोंगाट समजून गुळगुळीत करू नका, दोन्ही केंद्रांच्या मूळ फाइली तशाच जपून ठेवा.